स्टुडिओ मॉनिटर की होम स्पीकर : साध्या खोलीत नेमका फरक काय पडतो?

दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब खोली. खाली शहाबादी फरशी, वर सिमेंटचा स्लॅब, चारही भिंतींना गुळगुळीत प्लॅस्टर. एका बाजूला लोखंडी कपाट, दुसऱ्या बाजूला दिवाण. हिंगोली शहर असो की वसमत, कळमनुरी, सेनगाव, अशी खोली कुणालाही ओळखीची वाटेल.

आता समजा, याच खोलीत गावातल्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग नीट करून यूट्यूबवर टाकायचं आहे. हातात पंचवीस हजार रुपये आहेत. दुकानदार म्हणतो, "स्टुडिओ मॉनिटर घ्या, खरा आवाज ऐकू येईल." मित्र म्हणतो, "तेवढ्यात चांगले होम स्पीकर येतात, घरच्यांनाही गाणी ऐकता येतील." दोघांचंही पटतं आणि निर्णय अडतो.

अशा वेळी लोक स्पीकरची तुलना करतात. खोलीचा विचार मात्र राहून जातो. खरं तर अशा खोलीत खालच्या सुरांच्या बाबतीत, स्पीकर कोणता यापेक्षा तो कुठे ठेवलाय आणि ऐकणारा कुठे बसलाय, याचा परिणाम जास्त होतो. असं का होतं आणि मग पैसे कशावर खर्च करावेत, हे समजून घेऊया.

दोघांमध्ये फरक काय असतो?

स्टुडिओ मॉनिटर हे कामाचं साधन आहे. रेकॉर्डिंगमध्ये जे आहे ते जसंच्या तसं ऐकवणं, काही वाढवायचं नाही आणि काही लपवायचं नाही, हा त्यामागचा उद्देश. गायकाचा श्वास, पेटीच्या भात्याचा आवाज, मागे चालू असलेला पंखा, सगळं ऐकू आलं पाहिजे, म्हणजे ते दुरुस्त करता येतं.

आजचे बहुतेक मॉनिटर 'अ‍ॅक्टिव्ह' असतात. म्हणजे अँप्लिफायर खोक्याच्या आतच असतो. वूफरला वेगळा आणि ट्वीटरला वेगळा. प्रत्येक स्पीकरला स्वतःची वीजजोडणी लागते आणि आवाजाचं बटणही बऱ्याचदा प्रत्येकाच्या मागे वेगळं असतं. ते साधारण तीन-चार फुटांवरून ऐकण्यासाठी बनवलेले असतात. मागच्या बाजूला बेस थोडा कमी करण्याचे स्विच असतात. ते पुढे कामाला येतील.

होम स्पीकर हे ऐकण्याच्या आनंदासाठी असतात. खोलीत चार-पाच जण वेगवेगळ्या जागी बसले तरी सगळ्यांना बरं ऐकू यावं म्हणून त्यातले अनेक आवाज रुंद पसरवतात. काही कंपन्या बेस आणि ट्रेबल मुद्दाम थोडा वाढवतात, म्हणजे दुकानात ऐकताना आवाज चटकन आवडतो. यातल्या पारंपरिक जोड्यांना वेगळा अँप्लिफायर लागतो. नव्या जोड्यांत ब्लूटूथ, रिमोट, टीव्हीची जोडणी असते. घरात याचा उपयोग मोठा असतो.

पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. 'स्टुडिओ मॉनिटर' हे नाव म्हणजे आयएसआय मार्कासारखी खात्री नाही. कुठलीही कंपनी आपल्या खोक्यावर ते छापू शकते. 'फ्लॅट' आवाजाचे होम स्पीकरही असतात आणि रंगवलेल्या आवाजाचे मॉनिटरही असतात.

घरचा स्पीकर स्टुडिओत गेला, स्टुडिओतला घरी आला

या दोन नावांमधली सीमा किती पुसट आहे, हे दोन प्रसिद्ध उदाहरणांवरून दिसतं.

जपानच्या यामाहा कंपनीने १९७८ मध्ये एनएस-१० नावाचा स्पीकर आणला. पांढऱ्या वूफरचा, काळ्या खोक्याचा. तो घरात गाणी ऐकण्यासाठी होता. घरगुती श्रोत्यांमध्ये त्याचं फारसं कौतुक झालं नाही. स्टुडिओतल्या साउंड इंजिनिअरांनी मात्र तो उचलला. त्याचा मधल्या सुरांचा आवाज रोखठोक होता, त्यामुळे मिक्सिंगमधल्या चुका लगेच कानात भरायच्या. ट्वीटर टोचतो म्हणून काही जण त्यावर टिश्यू पेपर चिकटवायचे. पुढे कंपनीने स्टुडिओसाठी खास आवृत्ती काढली आणि २००१ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. तोवर जगभरातल्या स्टुडिओंमध्ये मिक्सिंगच्या टेबलावर तो दिसायचा.

उलट उदाहरण ब्रिटनचं. बीबीसीच्या संशोधन विभागाने १९७० च्या दशकात एलएस३/५ए हा छोटा मॉनिटर तयार केला. बाहेरच्या प्रक्षेपणासाठी जी गाडी जायची, तिच्यातल्या अडचणीच्या जागेत आवाज तपासता यावा, हा हेतू होता. परवाना घेऊन वेगवेगळ्या कंपन्यांनी तो बनवला आणि तो घराघरांतल्या संगीतप्रेमींचा लाडका झाला.

यातून घ्यायचा धडा असा : नाव बघून स्पीकर निवडता येत नाही. काम कोणतं आणि जागा कशी, हे आधी बघावं लागतं.

खोली आवाजाचं काय करते?

स्पीकरमधून निघालेला आवाज दोन मार्गांनी कानांपर्यंत येतो. एक सरळ. दुसरा भिंती, फरशी आणि स्लॅबवर आपटून, थोडा उशिरा. प्लॅस्टर केलेली भिंत आणि दगडी फरशी आवाज जवळजवळ शोषतच नाहीत. शंभर भाग आवाज आदळला तर सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग परत खोलीत येतो. म्हणूनच रिकाम्या घरात बोललं की घुमतं.

एक सोपी परीक्षा आहे. खोलीच्या मध्ये उभं राहून जोरात एक टाळी वाजवा. टाळीनंतर 'टर्रर्र' असा कापरा आवाज आला, तर समोरासमोरच्या दोन भिंतींत आवाज चेंडूसारखा उड्या मारतोय.

अशा खोलीत स्पीकरपासून साधारण तीन फुटांच्या पलीकडे गेलं की सरळ आवाजापेक्षा आपटून आलेला आवाज जास्त होतो. दहा फुटांवरच्या दिवाणावर बसून तुम्ही स्पीकर कमी आणि खोली जास्त ऐकत असता. मॉनिटर जवळ बसून ऐकायचे असतात, त्याचं कारण हेच.

बेसचं गणित : ५६३ भागिले फूट

वरच्या सुरांचं घुमणं पडदा, गादी लावून आवरता येतं. खरी अडचण खालच्या सुरांची आहे.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर, म्हणजे सुमारे ११२५ फूट जातो. दोन समांतर भिंतींमध्ये काही ठरावीक सूर अडकतात आणि जागच्या जागी डोलत राहतात. याला स्थिर तरंग म्हणतात. विहिरीत डोकावून वेगवेगळ्या सुरांत 'ओ' दिली तर एखाद्या सुरालाच विहीर जास्त घुमते, तसाच हा प्रकार.

आपल्या खोलीतला असा पहिला सूर काढायचं गणित सोपं आहे. ५६३ ला भिंतींमधल्या फुटांनी भागायचं. येणारा आकडा हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंपनं ते.

बारा फुटांची लांबी : ५६३ भागिले १२, म्हणजे सुमारे ४७ हर्ट्झ. त्याच्या दुप्पट ९४ आणि तिप्पट १४१ हर्ट्झलाही खोली घुमते.

दहा फुटांची रुंदी : ५६३ भागिले १०, म्हणजे सुमारे ५६ हर्ट्झ. पुढे ११३ आणि १६९.

आता स्लॅबची उंचीही दहा फूट असेल तर तिचाही आकडा ५६ येतो. रुंदी आणि उंची सारखीच असल्यामुळे एकाच सुराला दुहेरी घुमारा मिळतो. म्हणून चौरस खोली आवाजासाठी सगळ्यांत अवघड. हवेच्या तापमानानुसार हे आकडे थोडे सरकतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते तीन-चार टक्क्यांनी वर जातात.

हे आकडे गाण्याच्या भाषेत बघूया. 'काळी एक'मध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो. बारा फुटांच्या खोलीचा तिसरा घुमारा १४१ ला आहे. म्हणजे गायक 'सा'वर स्थिरावला की खोलीही त्याच्याबरोबर गायला लागते. तंबोऱ्याची खर्जाची तार आणि डग्ग्याचा, पखवाजाचा घुमारा हे सगळं याच्याच खालच्या पट्ट्यात येतं.

पण घुमारा सगळीकडे सारखा नसतो. भिंतीजवळ हे सूर फुगलेले ऐकू येतात आणि काही ठिकाणी जवळजवळ गायब होतात. बारा फुटांच्या खोलीत बरोबर मध्ये, सहा फुटांवर, ४७ आणि १४१ हर्ट्झचा खड्डा असतो, तर ९४ हर्ट्झचा उंचवटा. म्हणजे खोलीच्या मध्ये बसलेल्या माणसाला एक सूर कमी आणि दुसरा जास्त ऐकू येतो. त्यात स्पीकरचा काहीही दोष नसतो.

सुमारे ३४ घनमीटरच्या अशा कडक भिंतींच्या खोलीत साधारण २५० हर्ट्झच्या खाली खोलीचं राज्य चालतं आणि त्याच्या वर स्पीकरचं. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर हरमन कंपनीत स्पीकरवर अनेक वर्षं संशोधन करणारे फ्लॉइड टूल यांनीही छोट्या खोल्यांबाबत हीच मांडणी केली आहे. दोन-तीनशे हर्ट्झच्या वर आवाज कसा असेल ते मुख्यतः स्पीकर ठरवतो आणि त्याच्या खाली खोली ठरवते.

हिंगोलीतलंच एक मोठं उदाहरण

साधन कितीही चांगलं असलं तरी ते ठेवायची जागा तितकीच महत्त्वाची असते, याचं उदाहरण हिंगोली जिल्ह्यातच आहे. औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. इंग्रजी 'एल' अक्षराच्या आकारात, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असं तिचं स्वरूप असेल. इतकं नाजूक यंत्र कुठेही बसवता येत नाही. जमिनीची कंपनं कमी असलेली जागा शोधावी लागते. शास्त्रज्ञांनी जागा निवडताना हा निकष महत्त्वाचा मानला.

या वेधशाळेचा आपल्या विषयाशी आणखी एक धागा आहे. अमेरिकेतल्या लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर टिपली. दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाल्याची ती खूण होती. गुरुत्वीय लहर म्हणजे आवाज नव्हे. पण तिची वारंवारता माणसाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात होती. ती ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली, तीही सेकंदाच्या पाचव्या हिश्शात. शास्त्रज्ञांनी तिचं आवाजात रूपांतर करून ती लोकांना ऐकवली. इतका खालचा सूर साध्या स्पीकरवर नीट ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी सूर वर सरकवलेली वेगळी आवृत्तीही दिली.

३५ ते २५० हर्ट्झ, म्हणजे जिथे आपल्या दहा बाय बाराच्या खोलीचं राज्य चालतं नेमका तोच पट्टा. मूळ आवृत्ती दोन वेगळ्या स्पीकरवर लावली आणि एकात ती दमदार, दुसऱ्यात फुसकी वाटली, तर निकाल देण्याआधी दोन्ही स्पीकर एकाच जागी ठेवून बघायला हवेत.

मागच्या भिंतीचा खेळ

खालचे सूर स्पीकरच्या पुढेच नाही, तर सगळीकडे पसरतात. मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढच्या आवाजात मिसळतो. ठरावीक सुराला दोघे एकमेकांना खोडतात.

हा सूर कोणता, ते स्पीकरच्या पुढच्या भागापासून मागच्या भिंतीचं अंतर किती आहे त्यावर ठरतं. तीन फूट असेल तर सुमारे ९४ हर्ट्झ. दोन फूट असेल तर सुमारे १४१ हर्ट्झ. एक फूट असेल तर सुमारे २८१ हर्ट्झ.

'स्पीकर भिंतीपासून दूर ठेवा' असा सल्ला सगळीकडे मिळतो. मोठ्या हॉलमध्ये तो ठीक आहे. छोट्या खोलीत दोन-तीन फूट पुढे आणले तर नेमका डग्ग्याच्या आणि पुरुषी आवाजाच्या पट्ट्यात खड्डा पडतो. त्यापेक्षा भिंतीजवळ ठेवलेले बरे. खड्डा वर सरकतो, तिथे स्पीकरचा आवाज मागे कमी जातो, त्यामुळे खड्डा उथळ होतो. भिंतीजवळ ठेवल्यावर बेस वाढतो, पण तो मॉनिटरच्या मागच्या स्विचने कमी करता येतो. इथे मॉनिटरला होम स्पीकरपेक्षा खरा फायदा मिळतो.

चुकीचं ऐकलं तर काय बिघडतं?

फक्त गाणी ऐकायची असतील तर थोडा बेस कमी-जास्त झाल्याने फार नुकसान नाही. पण रेकॉर्डिंगचं काम करणाऱ्याला ते महागात पडतं.

समजा, मिक्सिंग करणारा खड्ड्यात बसलाय. त्याला डग्गा कमी ऐकू येतो. तो डग्गा वाढवतो. खोलीत सगळं छान वाटतं. तेच भजन दुसऱ्याच्या गाडीत वाजलं की डग्गा सगळ्यांवर कुरघोडी करतो आणि अभंगाचे शब्द ऐकू येत नाहीत. उलट तो उंचवट्यावर बसला असेल, तर तो बेस कापत जातो आणि बाहेर गाणं पोकळ, पत्र्यासारखं वाजतं. मंडळाने मेहनतीने गायलेलं असतं, पण लोकांना ते 'घरगुती' वाटतं. मग नवा, आणखी महागडा स्पीकर घेतला जातो आणि तो त्याच जागी ठेवला जातो.

घरच्या घरी तुलना कशी करावी?

दोन जोड्या थोडा वेळ हाताशी असतील, एखादी मित्राकडून आणलेली असेल, तर खात्रीची तुलना घरी करता येते.

१. जागा एकच ठेवा. दोन जोड्या शेजारी शेजारी ठेवल्या तर दोघांच्या जागा वेगळ्या होतात आणि तुलना फसते. एक जोडी काढून अगदी तिथेच दुसरी ठेवा. फरशीवर खडूने खूण करा.

२. आवाज समान करा. जो स्पीकर थोडा मोठा वाजतो तो कानाला जास्त चांगला वाटतो. हळू आवाजात माणसाच्या कानाला बेस मुळातच कमी ऐकू येतो. म्हणून मोबाइलवर डेसिबल मोजणारं अ‍ॅप घेऊन, बसायच्या जागी 'पिंक नॉइज' लावून, दोन्ही जोड्या एका डेसिबलच्या आत जुळवा.

३. डोळे झाका. टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, स्पीकर समोर दिसत असताना आणि दिसत नसताना त्याच श्रोत्यांनी दिलेले गुण वेगवेगळे निघाले. नाव, आकार आणि किंमत यांचा कानावर परिणाम होतो. घरी पातळ सुती साडी किंवा ओढणी स्पीकरसमोर टांगा आणि अदलाबदल दुसऱ्या कुणाला तरी करू द्या.

४. ओळखीचा आवाज ऐका. एक पुरुषाचा आवाज, एक स्त्रीचा आवाज, एक डग्गा किंवा पखवाज ठळक असलेलं गाणं, एक टाळांचं भजन आणि थोडं साधं बोलणं. प्रत्येकी अर्धा मिनिट पुरे.

५. जागा बदलून पुन्हा ऐका. तीच जोडी दुसऱ्या भिंतीला ठेवा. दोन जागांमधला फरक दोन जोड्यांमधल्या फरकापेक्षा मोठा वाटला, तर पैसे स्पीकरवर घालण्याची घाई करू नका.

आकड्यांत बघायचं असेल तर 'रूम ईक्यू विझार्ड' हे मोफत सॉफ्टवेअर आणि मोजमापाचा मायक्रोफोन वापरता येतो. कोणता सूर किती फुगतोय आणि कोणता गायब होतोय, याचा आलेख समोर येतो.

पैसे न घालता आधी काय करता येईल?

दहा बाय बाराच्या खोलीत सुरुवात अशी करावी. स्पीकर दहा फुटांच्या भिंतीकडे ठेवा, म्हणजे आवाज खोलीच्या लांबीच्या दिशेने जाईल. डावी-उजवी बाजू सारख्या अंतरावर असू द्या. स्पीकरचा पुढचा भाग भिंतीपासून साधारण एक ते सव्वा फुटावर. मागे हवेचं भोक असेल तर तीन-चार इंच मोकळे सोडा. दोन स्पीकरमध्ये चार फूट आणि तुमच्यापासून प्रत्येकी चार फूट, असा समभुज त्रिकोण करा. यात तुमचं डोकं समोरच्या भिंतीपासून सुमारे साडेचार फुटांवर येतं. ही जागा खोलीच्या मध्यापासूनही दूर आहे आणि मागच्या भिंतीपासूनही.

ट्वीटर कानाच्या उंचीला हवा. स्टँड नसेल तर विटा रचून त्यावर जाड रबर किंवा घडी घातलेलं पोतं चालतं. स्पीकर लोखंडी कपाटावर किंवा शोकेसमध्ये ठेवू नका. कपाटाचा पत्रा आणि काचा स्वतःच वाजायला लागतात.

मग बाजूच्या भिंतींकडे वळा. तुम्ही जागेवर बसा आणि कुणाला तरी भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. ज्या ठिकाणी आरशात स्पीकर दिसेल, तिथे जाड वाकळ किंवा गोधडी दोन-तीन घड्या करून, भिंतीपासून थोडी पोकळी ठेवून टांगा. फरशीवर सतरंजी टाका. टाळीचा 'टर्रर्र' बराच कमी होईल.

बेससाठी मात्र जाडी लागते. १०० हर्ट्झच्या सुराची लांबी अकरा फुटांहून जास्त आहे. एक इंचाचा फोम त्याला जाणवतही नाही. कापसाच्या जुन्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यांत जमिनीपासून वरपर्यंत उभ्या केल्या तर काही प्रमाणात फरक पडतो. पुढे पैसे असतील तर चार ते सहा इंच जाडीचे रॉकवूलचे पॅनल कापडात शिवून बसवता येतात. कापूस पेट घेतो, म्हणून वायर, बोर्ड आणि देवघरातला दिवा यांच्यापासून गाद्या दूर ठेवाव्यात.

अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांचा मात्र बेसला काहीच उपयोग नाही. थर्माकोल आवाज शोषत नाही आणि ट्रे पातळ असल्याने फार तर वरचे सूर थोडे मंद करतात. अडकलेला बेस तसाच राहतो आणि खोली आणखी बोथट वाटते.

मोबाइलवरच्या किंवा स्पीकरमधल्या इक्वलायझरनेही मर्यादितच मदत होते. फुगलेला सूर कमी करता येतो, पण खड्डा भरत नाही. तिथे कितीही बेस वाढवला तरी आवाज स्वतःलाच खोडत राहतो आणि स्पीकरवर ताण येतो.

पत्र्याच्या खोलीचं गणित थोडं वेगळं. पातळ पत्र्यातून बेस बऱ्यापैकी बाहेर निघून जातो, त्यामुळे स्लॅबच्या खोलीइतका घुमारा होत नाही. पण पत्रा स्वतः खडखडतो आणि पावसात रेकॉर्डिंग बंद ठेवावं लागतं.

मग कुणी काय घ्यावं?

मिक्सिंग, पॉडकास्ट, व्हिडिओ संपादन असं काम करणाऱ्याने जवळून ऐकायचे मॉनिटर घ्यावेत. दहा बाय बाराच्या खोलीत पाच इंची वूफर पुरेसा आहे. आठ इंची वूफर खालचे सूर जास्त जोरात काढतो आणि खोलीला आणखी चेतवतो. एक चांगला हेडफोन सोबत हवाच. हेडफोनला खोली नसते, त्यामुळे बेसची शंका आली की तो साक्षीदार म्हणून कामी येतो. शेवटी काम मोबाइलवर आणि गाडीतही ऐकून बघावं, कारण श्रोते तिथेच ऐकणार आहेत.

घरच्यांसोबत गाणी, टीव्ही, क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायची असेल तर होम स्पीकर बरे. रुंद पसरणारा आवाज सगळ्यांपर्यंत पोचतो. बाजूच्या भिंतींवरून येणारं थोडं परावर्तन ऐकणाऱ्याला अनेकदा आवडतंही, आवाज मोठा आणि मोकळा वाटतो. दहा फुटांवरच्या दिवाणावरून ऐकण्यासाठी मॉनिटर घेणं म्हणजे त्याचा मुख्य फायदा सोडून देणं.

दोन्ही कामं एकाच जोडीवर करायची असतील तर मॉनिटर चालतात, पण जवळ बसायची सवय ठेवावी लागते.

खरेदी करताना तीन गोष्टी तपासा. 'पीएमपीओ'चे हजारो वॉट बघून भुलू नका. 'आरएमएस' किती ते विचारा. '५० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' असं लिहिलं असेल, तर पुढे 'अधिक-उणे ३ डेसिबल' असं आहे का ते बघा. त्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. आणि घरातलं अर्थिंग नीट आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. अ‍ॅक्टिव्ह मॉनिटर अनेक जागी वीजजोडणी घेतात. अर्थिंग बिघडलेलं असेल तर सतत 'घूं' असा आवाज येत राहतो आणि लोक त्याचं खापर स्पीकरवर फोडतात.

थोडक्यात

पंचवीस हजार हातात असतील तर सगळेच्या सगळे स्पीकरवर घालू नयेत. आधी आहे त्या स्पीकरची जागा बदलून बघावी. मग आरसा, वाकळ आणि गाद्यांचं काम करावं. त्यानंतर साधे पाच इंची मॉनिटर आणि हेडफोन घ्यावेत आणि उरलेल्या पैशांत जाड पॅनल बनवावेत. फक्त ऐकायचं असेल तर मॉनिटरच्या जागी होम स्पीकर घ्यावेत, पण क्रम तोच ठेवावा.

पट्टी घेऊन खोली मोजायला पाच मिनिटं लागतात. ५६३ ला त्या फुटांनी भागून आलेले आकडे कागदावर लिहून ठेवावेत. दुकानात एखादा स्पीकर डग्गा फार छान वाजवतोय असं वाटलं, तर तो कागद खिशातून काढून बघावा. दुकानाची खोली वेगळी असते आणि स्पीकर शेवटी आपल्याच खोलीत वाजणार असतो.